अननसावरची लाल पूड : आमच्या आजोळच्या ग्रुपवरील चर्चा

मुक्ता (पुणे) : शैलामावशी, तू काल पाठवलेल्या फोटोत अननसाच्या फोडींवर जी लाल पूड दिसते, ती तिखटाची आहे का? रविवारी माझ्याकडे आठ जण येणार आहेत आणि गॅस न पेटवता पंधरा मिनिटांत होईल असे काहीतरी मला हवे आहे. पाकिटावर ‘ली हिंग’ असे लिहिलेले दिसले, म्हणून त्यात हिंग किती असतो, असे आई विचारते आहे.

शैलामावशी (होनोलुलू, हवाई) : त्यात हिंगही नसतो आणि तिखटही नसते, हे आधी ताईला सांग. पूर्ण नाव ‘ली हिंग मुई’ असे आहे. चिनी भाषेत त्यातील पहिल्या दोन शब्दांचा अर्थ प्रवास आणि ‘मुई’ म्हणजे आलुबुखार-जर्दाळूच्या कुळातील एक फळ. हे फळ मिठात मुरवून सुकवतात, त्याला ज्येष्ठमध आणि साखर लावतात, आणि त्याचीच पूड केली की ती फळांवर भुरभुरता येते. लाल रंग बहुतेक वेळा खायच्या रंगाचा असतो. उसाच्या मळ्यांवर करारावर काम करण्यासाठी चिनी मजूर 1852 पासून हवाईत येऊ लागले, आणि सुकवलेल्या खारट फळांची ही आवड त्या लोकांबरोबर येथे आली. येथे अशा फळांच्या दुकानांना ‘क्रॅक सीड’ची दुकाने म्हणतात, काचेच्या मोठ्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात आणि हवे तेवढे वजनावर देतात. आत शिरल्यावर जो आंबट-खारट वास येतो, त्याने मला दर वेळी शाळेच्या फाटकाबाहेरची बोरकुटाची पुडी आठवते.

मामी (रत्नागिरी) : शैलाताई, मग आपला चाट मसाला का चालणार नाही? घरात तो नेहमीच असतो.

शैलामावशी : वहिनी, अननसाला चाट मसाला छानच लागतो, पण तुम्ही तो लावलात की पदार्थ हवाईचा राहत नाही, कारण काळे मीठ आणि जिरे पुढे येऊन बसतात. ली हिंगमध्ये आधी खारट, मग आंबट, आणि शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला ज्येष्ठमधाचा गोडवा रेंगाळतो. तुमच्याकडे पूड मिळाली नाही तर बोरकुटात चिमूटभर ज्येष्ठमधाची पूड, थोडे मीठ आणि पिठीसाखर मिसळून पाहा. ते ली हिंग नव्हे, परंतु चाट मसाल्यापेक्षा कितीतरी जवळचे आहे.

मुक्ता : माझ्या मैत्रिणीकडे एक पाकीट आहे, ते मी मागून घेते. आता कृती सांग, म्हणजे मला यादी करता येईल.

शैलामावशी : कृती म्हणावी असे त्यात फारसे नाही, मात्र एका गोष्टीत सगळे बिघडते. बुडाशी गोड वास येणारा अननस घे, साल काढ, आणि डोळे एकेक कोरत बसण्याऐवजी ते ज्या तिरक्या रांगेत असतात त्या रांगेने सुरीने चर पाडून काढून टाक. बोटाएवढ्या फोडी करून फ्रिजमध्ये गार कर आणि वाढण्यापूर्वी स्वच्छ फडक्याने त्यांचा ओलावा टिपून घे. मध्यम अननसाला आधी एक चहाचा चमचा पूड पुरते; चाखून मग वाढव. ही पूड पाहुण्यांच्या हातात बशी देण्याच्या क्षणीच घालायची, कारण तिच्यातील मीठ फळाचे पाणी ओढून घेते. येथे आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी एका जेवणासाठी मी तासभर आधीच सगळे सजवून नेले होते. झाकण उघडले तेव्हा फोडी लाल पाण्यात पोहत होत्या आणि यजमानीणबाईंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर त्याचा ओघळ गेला होता. ती बिचारी हसली, पण मला अजून आठवले की कसेसे होते. हीच पूड पेरूला, सफरचंदाला आणि येथे तर बर्फाच्या गोळ्यालाही लावतात.

दादामामा (रत्नागिरी) : शैला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी काय करायचे, तेही लिही.

शैलामावशी : दादा, तू दोन फोडींवर थांब, कारण पुडीत मीठ भरपूर असते. शिवाय काही पाकिटांत साखरेऐवजी अ‍ॅस्पार्टेम किंवा सॅकरिन असते, तेव्हा मुक्ता, तू मागचे लेबल वाचूनच घाल. आता दादासाठी एक खास गोष्ट सांगते. येथे ‘पिरी’ नावाचा एक आंबा फार आवडीने खाल्ला जातो. तो 1899 मध्ये भारतातून आलेला आपला पायरीच आहे, केवळ उच्चार बदलला आहे.

दादामामा : पायरीचा पिरी केला! कच्चा असताना त्याचे काय करतात?

शैलामावशी : घट्ट, नुकता पाड लागलेला आंबा सोलून त्याच्या चिरा करतात आणि दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, थोडी साखर आणि भरड मिरी यांच्या मिश्रणात बुडवून उभ्याउभ्या खातात. सोया सॉसला येथे सगळे जपानी नावाने ‘शोयू’ म्हणतात. मला स्वतःला अननसापेक्षा हाच प्रकार अधिक आवडतो, कारण कैरीच्या आंबटपणाला सोया सॉसचा खारेपणा नुसत्या मिठापेक्षा अधिक खोलवर धरतो. या प्रकारात मात्र चिरा दहा मिनिटे मुरल्या तरी बिघडत नाही, उलट सुधारतात.

मुक्ता : मग रविवारी दोन्ही करते. मैत्रिणीचे पाकीट अर्धेच उरले आहे असे तिने आत्ताच कळवले, त्यामुळे निम्म्या फोडींना मावशीच्या पद्धतीने बोरकूट लावावे लागेल.

मामी : बोरकूट मी दादांच्या हाती शनिवारी पाठवते, ते पुण्याला येणारच आहेत. ज्येष्ठमध विकत घेऊ नकोस. नानांच्या खोकल्याच्या डब्यात त्याच्या चार काड्या आहेत, त्या मिक्सरमधून काढून देते.