घरातलं सामान रोज थोडं थोडं कमी करायचंय, सुरुवात कुठून करू?

जुळेसोलापूर_२

दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर माळा. माणसं चार, त्यात सासूबाई. सामान मात्र दहा जणांचं. मोजल्या तर चादरी २१ निघाल्या, त्यातल्या ९ अजून पिशवीतून बाहेर आलेल्या नाहीत. टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा वेगळा, आणि खणांचं तर विचारूच नका. एका रविवारी सगळं घर उपसून काढायचं, हा प्रकार नको. रोज १०-१५ मिनिटांत होईल असं सांगा. 'टाकून द्या' म्हटलं की सासूबाईंचा चेहरा उतरतो, तेही ध्यानात ठेवा. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, मग पिंपं-घागरी कमी कराव्या की नाही? व्हिडिओत असते तसली पांढरी रिकामी खोली नकोय, कपाट उघडल्यावर अंगावर काही पडू नये एवढंच.

बाळीवेसचा_जोशी

ताई, कपाटाला हात लावायच्या आधी दार बघा. आपल्याकडे सामान विकत घेऊन कमी आणि आपोआप येऊन जास्त साठतं. नुसतं काढत बसलात तर पुढच्या लग्नसराईत पुन्हा तेवढंच होणार.

सगळ्यात मोठी वाट आहेराची. सोलापुरात आहेर म्हणजे चादर, टॉवेल-टोपी, साडी, खण. हे सगळं कपाटाच्या एकाच कप्प्यात आणा आणि त्याला 'देण्याचा कप्पा' म्हणा. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका: कुणाकडून आली, कोणत्या कार्यात, कोणत्या महिन्यात. ही चिठ्ठी नसली की मामींची चादर मामींच्याच घरी परत जाते, आणि मग दोन वर्षं बोलणं बंद. कप्पा भरलेला असेपर्यंत आहेरासाठी बाजारात जायचं नाही. खण ओटी भरायला जातात, ते एकावर एक ठेवू नका, उभे लावा. रंग दिसला की हाताला येतो, खाली दबलेला खण वर्षानुवर्षं तिथंच राहतो.

दुसरी वाट संक्रांतीच्या वाणाची. हळदीकुंकवाला दहा घरं फिरलं की दहा प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, आरसे घरात. तुमच्याकडून तरी खायचं वाण द्या. १०० ग्रॅम शेंगाचटणीची पुडी किंवा गुळाची छोटी ढेप घेऊन कुणी नाराज होत नाही. आलेलं वाण रथसप्तमीपर्यंत एका टोपलीत ठेवा. तोवर वापरात आलं नाही ते पुढच्या वर्षापर्यंतही येत नाही. आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत फिरताना हातात पिशवी नको, खिशात मोजके पैसे असू द्या.

तिसरी वाट बोहारणीची, आणि ही फसवी. जुन्या साड्या गेल्या म्हणून बरं वाटतं, पण बदल्यात पातेलं आलेलं असतं. घ्यायचंच असेल तर एकच मोठी वस्तू घ्या, आणि त्याच आकाराचं जुनं भांडं त्याच दिवशी मोडीच्या पिशवीत टाका.

आता चादरी. हिशेब साधा आहे. माणशी दोन (एक अंगावर, एक धुण्यात) म्हणजे ८. पाहुण्यांसाठी ४. झाल्या १२. उरलेल्या ९ कोऱ्या आहेतच, त्या देण्याच्या कप्प्यात गेल्या. म्हणजे टाकायचं काहीच नाही, सासूबाईंना हेच सांगा. वापरातल्या चादरी कडकडीत वाळल्याशिवाय घडी घालू नका. जाड सुती कापडाला आतून ओल राहते, वरून कळत नाही, मग कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. जाड कडेला गाल लावून बघा, गार लागली तर अजून एक ऊन द्या.

कडक_भाकरी

पाण्याच्या भांड्यांना हात लावू नका की ओ! पुण्या-मुंबईचे लोक पिंप काढायला सांगतील, त्यांचं नळाला रोज येतं.

पण मोजून ठेवा. काटकसरीनं माणशी ७० लिटर धरा. चौघांचे रोज २८०, पाच दिवसांचे १,४००. वर १,००० लिटरची टाकी असेल तर २०० लिटरची दोन पिंपं पुरतात. पिण्या-स्वयंपाकाचं रोज २० लिटर, म्हणजे पाच दिवसांचं १०० लिटर, ते यातलंच, फक्त झाकणाच्या भांड्यात वेगळं. यापलीकडच्या गळक्या बादल्या, चेपलेल्या कळश्या, रंगाचे रिकामे डबे काढा. ही फालतू भांडी नुसती जागाच खात नाहीत, त्यांत डास होतात. डेंग्यूचा डास साध्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात. अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं उपडं करून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतून काथ्यानं घासायला लागतं. चार भांडी घासून होतात, चौदा होत नाहीत. भांडी कमी करायचं खरं कारण हे.

ज्वारीचंही तसंच. भाकरीला ८०-१०० ग्रॅम पीठ. माणशी रोज दोन धरल्या तर चौघांना महिन्याला २०-२२ किलो ज्वारी. वर्षाची भरायची तर अडीच क्विंटलच्या आसपास, म्हणजे दोन-तीन कोठ्या आणि अर्धी खोली. त्यापेक्षा नवी ज्वारी आली की कडक ऊन देऊन १०० किलोची एकच कोठी भरा. साडेचार-पाच महिने जातात, आणि पावसाळ्यातल्या किड्यांना खायला फार काही उरत नाही. पीठ एका वेळी ५-६ किलोच दळा. जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, मग पीठ उरतं आणि डबा अडकून बसतो.

माळा_आणि_मोड

माळ्याला एप्रिल-मेमध्ये चढायचं नाव काढू नका. पारा चाळिशीपार असताना स्लॅबखाली दहा मिनिटंही बसवत नाही, माणूस वैतागून सगळं तसंच ठेवून खाली उतरतो. दसऱ्यानंतर, सकाळी. पायात बूट, हातात जाड मोजे, कारण जुन्या गोणपाटाखाली विंचू असतो. एका दिवशी एकच पेटी खाली आणायची, आणि ती निकालात निघेपर्यंत दुसरी आणायची नाही.

पेटीतल्या वस्तूंचे तीनच भाग: राहणारं, जाणारं, अडलेलं. अडलेलं खोक्यात भरून वर खडूनं तारीख घाला. बाहेरचे लोक तीन महिन्यांनी न उघडता देऊन टाका म्हणतात. आपल्याकडे स्वेटर-कानटोपी डिसेंबर-जानेवारीतच निघते, त्यामुळे कपड्यांच्या खोक्याला पूर्ण वर्ष द्या. बाकीच्याला तीन महिने ठीक.

तांब्या-पितळेची मोड द्यायची तर आधी घरच्या काट्यावर वजन करून कागदावर लिहा. लोखंडी कडी, डाग दिलेला जोड याची घट दुकानदार धरणारच, ती किती ते आधी विचारा, आणि दोन ठिकाणी दर काढा. स्टीलवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं ना, 'सौ. अमुक यांजकडून', तिथं घरातले अडतात. असलं एखादं भांडं रोजच्या वापरात घ्या, चहाचं पातेलं करा. नाव डोळ्यासमोर राहतं आणि माळ्यावरची बाकीची सहा मोकळी होतात.

कागद रद्दीवाल्यासमोर बसून निवडू नका, घाईत चूक होते. घराची कागदपत्रं, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या आधी एका फायलीत काढा, मगच बाकी गठ्ठा बांधा. फुगलेली मोबाइल बॅटरी ओल्या-सुक्या कशातच टाकू नका, घंटागाडीत दाबली गेली की पेट घेते.

जुळेसोलापूर_२

सगळ्यांचे आभार. चिठ्ठीचं आजच करते. पण त्या ९ पैकी ५ चादरी कुणी दिल्या ते सासूबाईंनाही आठवत नाही. आणि त्यांना जुन्या साड्यांची वाकळ शिवायचीय, ते सामान वाढवणं झालं का?

बाळीवेसचा_जोशी

त्या पाच नात्यात फिरवूच नका. एखाद्या वसतिगृहाला द्या, थंडीच्या आधी, फोन करून काय लागतं ते विचारून. द्यायच्या आधी घडी उलगडून बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली चादर रेघेवर पिवळी पडते आणि तिथंच विरते.

वाकळ शिवू द्या. वर-खाली दोन सुती नऊवारी, आत तीन-चार जुन्या, म्हणजे पाच-सहा साड्यांची एक वस्तू झाली. सिंथेटिक साडी आत घालू नका, ती सरकते, टाके धरत नाहीत आणि उन्हाळ्यात अंगाखाली उकडतं. मात्र एक वाकळ पूर्ण झाल्याशिवाय दुसरीचा गठ्ठा खाली काढायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या.