मदत हवी आहे: एकेकट्या फोटॉनवरच्या गुरुत्वाच्या परिणामातून डॉप्लर वजा कसा करायचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारचा विषय: उपग्रहाकडे पाठवलेल्या क्वांटम प्रकाशावर (म्हणजे एकेकट्या फोटॉनवर) गुरुत्वाचा परिणाम मोजणं.

५०० किमी उंचीसाठी गणित केलं. वर जाताना फोटॉनची वारंवारता साधारण ५×१०⁻¹¹ या प्रमाणात घटते. खाली आणि वर ६ किमी फायबरचे सारखे इंटरफेरोमीटर (प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणारी उपकरणं) ठेवले तर फेजमध्ये (लहरीच्या टप्प्यात) दोन-तीन रेडियनचा फरक यायला हवा, म्हणजे दिसण्याजोगा! पण उपग्रह सेकंदाला ७.६ किमी धावतो, त्यामुळे डॉप्लर, म्हणजे वेगामुळे वारंवारतेत होणारा बदल, २.५×१०⁻⁵ पर्यंत जातो. पाच लाख पट मोठा. इथेच अडलेय.

१९७६ च्या ग्रॅव्हिटी प्रोब ए या रॉकेट-प्रयोगात सिग्नल वर पाठवून ट्रान्सपाँडरने (आलेला सिग्नल परत पाठवणाऱ्या यंत्राने) परत आणला आणि परतीच्या डॉप्लरचा निम्मा भाग वजा केला, हे वाचलंय. फोटॉन एकेकटा असेल तर ते जमत नाही; त्याची नक्कल करून परत पाठवता येत नाही. चीनच्या मिसियस या क्वांटम उपग्रहावरचा २०१९ चा प्रयोगही पाहिला, पण त्यात गुंतलेल्या फोटॉनजोडीचा परस्परसंबंध तुटतो का हे तपासलं होतं, फेज नव्हे.

प्रयोगशाळेची सोय नाही, फक्त कागदावरचं गणित करायचंय. सापेक्षतेचं गणित बऱ्यापैकी येतं, क्वांटम ऑप्टिक्स जेमतेम. सेमिनारला पंधरा दिवस आहेत.

फोटॉनसोबत साधा लेसर पाठवून उपग्रहावरच्या आरशावरून परत आणला आणि त्याच्या फेजचा निम्मा भाग वजा केला, तर पहिल्या क्रमाचा डॉप्लर जाऊन गुरुत्वाचा फेज शिल्लक राहील का, की v²/c² चं (वेगामुळे घड्याळ मंदावण्याचं) पद वेगळं काढावं लागेल?