फुलावरचे औषध आणि मुळाजवळचे जिवाणू

मूळ मत (कृषी सेवा केंद्रचालक, हातकणंगले): "औषध किडीसाठी असते. त्याने फुलाचे वा जमिनीचे नुकसान होत नाही. दोष मात्रा न पाळणाऱ्या शेतकऱ्याचा."

मळेकरी, करवीर: हे वाचून गप्प बसवेना. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे आहे; बीजप्रक्रियेत वापरले तरी ते रसातून मकरंदात आणि परागांत उतरते, आणि मधमाशी जागीच मेली नाही तरी पोळ्याची वाट चुकते. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो काय मात्रा चुकली म्हणून? गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या फवारणीनंतर माझ्या काकडीच्या वेलावर फुले भरपूर होती, फळे मात्र परागीभवन अपुरे झाल्यासारखी एका टोकाला चिमटलेली निघाली.

केंद्रचालक: काकडी पाण्याच्या ताणानेही चिमटते. मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारणी करा, हे आम्ही सांगतोच.

मळेकरी: काकडीला ते ठीक, ती सकाळी फुलते. दोडका आणि दुधी संध्याकाळीच फुलतात, त्यांनी कोठे जावे?

ऊसवाला, शिरोळ: हुमणीने, म्हणजे जमिनीतल्या अळीने, उसाची मुळे कुरतडून अख्खा पट्टा आडवा केला, की मधमाशी आठवत नाही. मेटारायझियम ही किडीला मारणारी बुरशी टाकून मी एक हंगाम वाट पाहिली आणि दहा गुंठे गमावले.

केंद्रचालक: शिवाय जिवाणू इतके नाजूक नसतात. एकाच रानात वर्षानुवर्षे ॲट्राझिन हे तणनाशक मारले, तर ते खाणारे जिवाणूच वाढतात आणि ते लवकर संपते.

मळेकरी: खाणारे वाढले म्हणून बाकीचे सुखरूप राहिले, असे होत नाही. थायरम हे बुरशीनाशक चोळलेल्या सोयाबीनच्या बियाण्याला मी लगेच रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू, लावले होते. उपटून पाहिले, तर मुळांवर गाठी बोटावर मोजण्याइतक्या. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि तिलाच मारणारे बुरशीनाशक कार्बेन्डाझिम एकाच वेळी गळ्यात मारणारे दुकानदारही मी पाहिले आहेत.

ऊसवाला: जिवाणूंचा एवढा कळवळा असेल, तर खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात, पाचट (उसाची वाळलेली पाने) का पेटवता? रस्त्यावरून धूर दिसतो.

मळेकरी: ती आग शेजारच्या फडातून आली होती!

ऊसवाला: दर वर्षी?

मळेकरी: दोनदा मीच पेटवले, कारण पाचट कुट्टीचे यंत्र वेळेवर मिळाले नाही. त्याने इमिडाक्लोप्रिड निर्दोष ठरत नाही.

केंद्रचालक: दोडक्याच्या फुलाची वेळ माझ्या ध्यानात नव्हती, हे मान्य. यापुढे वेल कोणता ते आधी विचारीन. आपणही उधारी मिटवायला याल, तेव्हा उत्तर तयार ठेवा.