उसावरचा तांबेरा सोयाबीनवर उतरतो का?

प्रश्न (शिरोळ)
आमच्या बांधाच्या अलीकडे सोयाबीन आणि पलीकडे ऊस आहे, आणि सध्या दोन्हींच्या पानांवर तांबेरा दिसतो आहे. उसावरचाच रोग सोयाबीनवर उतरला, असे गावात बोलले जाते. ते खरे आहे का? शिवाय शेजाऱ्यांचे जेएस ३३५ हे सोयाबीनचे वाण पार करपले असताना लगतचे फुले संगम हे वाण हिरवे राहिले आहे. ते असेच टिकेल का?

उत्तर १ (वनस्पतिरोगशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)
नाही, काका. उसावर बहुधा पुक्सिनिया मेलॅनोसेफाला ही बुरशी असते आणि सोयाबीनवर फॅकोप्सोरा पॅकिरायझी. एकीला दुसरीचे पीक चालत नाही. तांबेरा जिवंत वनस्पतीवरच जगतो, त्यामुळे तो यजमानाशी, म्हणजे ज्या पिकावर जगतो त्याच्याशी, घट्ट जुळलेला असतो. गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्याची प्रजाती एकच, तरीही गव्हावरचा प्रकार वेगळा आणि ओटवरचा वेगळा, हे स्वीडनच्या याकोब एरिक्सन यांनी १८९४ मध्येच दाखवले होते. सोयाबीनचा तांबेरा मात्र याबाबतीत अपवादच म्हणावा लागेल, कारण दीडशेहून अधिक शेंगवर्गीय वनस्पतींवर त्याची नोंद आहे. तेव्हा संशय घ्यायचाच तर उसापेक्षा घेवड्यावर घ्यावा.

उत्तर २ (निवृत्त कृषी पदवीधर, सांगली)
वाणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बळी पडणाऱ्या वाणावर फिकट तपकिरी ठिपके येऊन पानामागे बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बियांची, भरपूर भुकटी सुटते. प्रतिकारक वाणावर अनेकदा लालसर तपकिरी ठिपके उठतात आणि बीजाणू नगण्य राहतात. ठिपक्याचा हा रंग भिंगातून जरूर पाहावा. ही बुरशी शेतात लैंगिक संकराविना, बीजाणूंच्या नुसत्या नकला काढत पसरते. तरीही तिच्या जनुकसंचाचा सुमारे ९३ टक्के भाग जागा बदलू शकणाऱ्या तुकड्यांनी भरलेला आहे, आणि एका हंगामात सुटणारे बीजाणू इतके असंख्य असतात की प्रतिकारक वाणाला बुरशी ओळखता येऊ नये असा एखादा बदल त्यांत घडून जातो. एकाच प्रतिकारक जनुकावर विसंबलेली वाणे अन्य देशांत अशीच कोसळली आहेत. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राच्या फुले संगमविषयी मला आदर आहे, पण शिवारभर तेच एक वाण लावणे मला पटत नाही.

उत्तर ३ (हातकणंगले)
यात उन्हाळी सोयाबीनचाही विचार व्हावा. बीजाणूंना दोन हंगामांच्या मधल्या काळात हिरवे पान लागते आणि ते आपणच पुरवतो. फुलोऱ्यापासून खालची पाने उलटून पाहावीत, आणि फवारणी करावीच लागली तर दरवेळी एकाच गटातील बुरशीनाशक वापरू नये. ब्राझीलमध्ये याच बुरशीने औषधांनाही दाद देणे कमी केले आहे.