माल्टीज म्हणजे इटालियनची बोली नव्हे

माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटांच्या देशाची भाषा, माल्टीज, ही इटालियनचीच एक बोली असल्याचं कुणीतरी म्हटलंय, म्हणून थोडी भर. माल्टीज मुळात अरबी घराण्यातली, इटलीच्या सिसिली बेटावरच्या जुन्या अरबीपासून आलेली. वर इटालियन-सिसिलियन शब्दांचा जाड थर आहे, त्यामुळे कानाला फसवते खरी. पण आकडे ऐका: तीनला 'तलीता', पाचला 'हमसा'. अरबीच की! लिहितात मात्र रोमन लिपीत. युरोपियन संघाच्या अधिकृत भाषांमधली ही एकमेव सेमिटिक (म्हणजे अरबी, हिब्रू यांच्या कुळातली) भाषा.

मला सगळ्यात गंमत वाटते ती धर्माच्या शब्दांची. लोक कट्टर कॅथलिक, पण देवाला म्हणतात 'अल्ला' आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला 'रंदान', म्हणजे सरळसरळ रमजान.

इटालियन तिथे 1934 पर्यंत अधिकृत भाषा होती, हे मात्र खरं. तिच्या जागी इंग्रजीच्या जोडीला माल्टीज आली. आज बरेच जण इटालियन समजतात, त्यात इटलीच्या टीव्हीचा वाटा मोठा.

माल्टाच्या लोकसंख्येचं म्हणाल तर जेमतेम 316 चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसं. 2021 च्या जनगणनेत दर पाचांत एकाहून जास्त परदेशी निघाले. आपल्याकडचे लोकही आहेत, आणि ते काही कालपरवा गेलेले नाहीत. सिंधी व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथे दुकानं थाटली होती.