जुनी कार: डीलरकडे आणि गॅरेजमध्ये काय पाहावं – अनुभव धागा

डीलरकडून जुनी गाडी घेताना किंवा गॅरेजला टाकताना गफलत नेमकी कुठे होते, हे धंद्यातल्या लोकांनी लिहावं. पार्टची नावं, आकडे, कागद येऊ द्या. "सर्व्हिस छान, माणूस देवमाणूस" एवढंच असेल तर राहू द्या.

डेंटिंग-पेंटिंग, कोल्हापूर
गाडी उन्हात पाहायची. शोरूमच्या दिव्यांखाली लांबी (पोचे बुजवायची पुट्टी) भरलेली कळत नाही. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. रंगाची जाडी मोजायच्या मीटरने ३००च्या वर दाखवलं की खाली लांबी आहे समजा. एखादा दरवाजा रंगवलेला असला म्हणून बिघडत नाही, आपल्या रस्त्यांवर रिक्षा घासल्याशिवाय गाडी जुनी होते कुठे! दारांमधले खांब, छत आणि ॲप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) मात्र सोडू नका. दाराचं रबर ओढून खाली करा. स्पॉट वेल्डचे गोल खळगे ठरावीक अंतराने दिसले पाहिजेत. मध्येच गायब झाले तर तिथला पत्रा कापून जोडलाय. फेंडरच्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडाला असेल तर पान्हा लागलेला आहे.

एमएच ०८, ०९, १० (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) पासिंगची गाडी २०१९ किंवा २०२१च्या पुराआधीची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचला, वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेत का बघा.

इंजिनकाम, हडपसर
जाण्याआधीच सांगून ठेवा: मी आल्याशिवाय सेल मारायचा नाही, म्हणजे इंजिन चालू करायचं नाही. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी. १.३ लिटर डिझेल इंजिनच्या टायमिंग चेनचा खडखडाट थंड इंजिनवर पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येतो, नंतर दबतो.

मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकणाला ताकासारखा फेस दिसला तर कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का पाहा. असेल तर हेड गॅस्केटचा खर्च भावातून वळता करा. तवंग नसेल तर बऱ्याचदा नुसती वाफ असते, पावसाळ्यात जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत ती साठतेच.

क्लच उघडला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला? आणि जुने पार्ट डिकीत टाकायला काम सुरू होण्याआधी सांगा. काम झाल्यावर मागितले की "भंगारात गेले" हे उत्तर ठरलेलं.

जुन्या गाड्यांचा व्यवहार, नाशिक
मीटर मागे केलेला डोळ्यांना कळत नाही. चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून हिस्ट्री काढा. टायरवर २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. टायर गाडीपेक्षा नवे निघाले तर ३० हजार किमी चाललेल्या गाडीला ते का बदलले, हे विचारा.

आरटीओची कामं, ठाणे
मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर कोऱ्या सह्या करून देऊ नका. गाडी तीन हात फिरते आणि चलन पहिल्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतं. १ एप्रिल २०२३पासून अधिकृत डीलरला गाडी दिली की ती ताब्यात दिल्याचं कळवणारा फॉर्म २९सी भरायचा असतो. तो नको म्हणणाऱ्याकडे अधिकारपत्र आहे का ते आधी बघा. कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र विकणाऱ्याचाच. तो धरून कुणी भाव वाढवला तर ऐकू नका.