अनुभव धागा: भरून पावलेला एखादा दिवस

वडगाव, बेळगाव (धागा मी काढतेय)
सुगीत भाताची रास लागली की मापायच्या आधी आई एक सूप बाजूला काढायची. 'मापलं की हात आखडतो,' म्हणायची. आमच्या शिवारातला बासमती, गल्लीभर वास! ते सूप ज्याच्या घरी रास नाही त्याच्याकडे जायचं. आता मी तांदूळ दुकानातून आणते. डब्यात ओतण्याआधी मूठभर काढते खरी, पण द्यायचा कुणाला? कबुतरं खातात. तुमचं सांगा. उपदेश नको, घडलेलं.

चिकोडी तालुका
2019 च्या ऑगस्टात कृष्णा घरात शिरली. बाबांनी म्हशींची दावी सोडली. टीव्ही, फ्रिज, हप्त्यावरचं कपाट तिथंच. शाळेतल्या छावणीत पहिल्या रात्री एका अनोळखी बाईनं ज्वारीची गरम भाकरी आणि पुंडीपल्ल्या पुढं केला. 'ऊटा माड्री.' म्हणजे जेवा. आई मराठीत रडत होती, ती कन्नडमध्ये समजावत होती. फ्रिज पुढं नवा आला, हप्ते अजून आठवतात. पण तव्यावरची पहिली भाकरी उतरली की आई आजही हाक मारते ती 'ऊटा माड्री' अशीच.

खानापूर
नव्या गाडीवर तिसऱ्या दिवशी ओरखडा. दोन रात्री झोप नाही. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी पाऊस लागला, तासभर अडकलो. गाडी कुठं लावलीय तेच विसरलो. एवढंच.

निपाणी
मला या विषयाचा जरा रागच येतो. आई विड्या वळायची. हजार झाल्या की मजुरी, त्यातही खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे कापायचे. तिला कुणी 'समाधानी बाई' म्हटलं की ती हसायची, मला संताप यायचा. 1981 च्या तंबाखू आंदोलनात वडील हायवेवर बसले, दरासाठी. आहे त्यात सुख मानलं असतं तर बसलेच नसते. पण गावोगावहून आलेल्या भाकऱ्यांचं नाव काढलं की त्यांचा आवाज जड व्हायचा. दर आणि भाकरी, दोन्ही एकाच माणसाला कळायचं.

वडगाव
पुंडीपल्ल्या म्हणजे आपली अंबाडीच की! निपाणीकर, हजार विड्यांना किती वेळ लागायचा हो?

निपाणी
पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, मधे स्वयंपाक. सुट्टीच्या दिवशी मात्र ती विड्यांचं सूप रिकामं करून उन्हात ठेवायची आणि त्याच्याकडं बघत सावकाश चहा प्यायची.